अवसेला दुपारी बाराची ओहोटी

मला सूड घ्यायचा होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण नंतर लोकांनी त्या प्रकाराला फार चांगली चांगली नावं दिली. जिल्ह्याच्या पानावर बातमी आली, तिच्यात मी 'प्रवाळांसाठी लढणारी रणरागिणी' झाले होते. सोबतचा फोटो कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला होता, नऊवारी आणि नथ घातलेला. तो त्यांना कुणी दिला देव जाणे. रणरागिणी वगैरे काही नाही. एका माणसानं माझ्या आईची बेअब्रू केली होती आणि मला त्याला चारचौघांत उताणा पाडायचा होता, एवढंच.

त्याला मी तेव्हा 'सर' म्हणायचे. 'सर आले', 'सर म्हणाले'. इथे मी 'तो' म्हणणार आहे. दोन वर्षं दिलेला मान मी परत घेतलाय.

रत्नागिरीपासून रिक्षानं अर्ध्या तासावर आमचं गाव. गावाच्या दक्षिणेला काळा कातळ समुद्रात शिरलाय, त्याला आम्ही खडप म्हणतो. भरतीला तो दिसतसुद्धा नाही. मोठ्या ओहोटीला पाणी मागे सरतं आणि तो हळूहळू वर येतो, अंगभर डबकी घेऊन. वरच्या अंगाला कालवं, खायची शिंपली, चिकटलेली असतात. अगदी खालच्या अंगाला, जी डबकी महिन्यातून मोजके दिवसच उघडी पडतात, तिथे प्रवाळ आहेत. अंगठीतलं पोवळं डोळ्यांसमोर ठेवून येणारे लोक लालबुंद काहीतरी शोधतात आणि हिरमुसून परत जातात. आमचे प्रवाळ तपकिरी, शेवाळी, पिवळट. कुठला भाकरीएवढा, कुठला पाटाएवढा. वाकून पाहिलं तर अंगावर मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसतात आणि प्रत्येक घरात एक जीव असतो.

आई त्यांना 'जिता दगड' म्हणते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. चाळीस वर्षं ती त्या खडपावर कालवं काढायला जाते, घरचं टोकदार लोखंडी हत्यार आणि अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊन. लहानपणी मी तिच्या मागून जायचे तेव्हा खालच्या डबक्यांपाशी ती हमखास ओरडायची, "पाय बगून टाक गो. तो जिता हाय." कॉलेजात प्राणिशास्त्राच्या बाईंनी प्रवाळ हा प्राणी असतो असं सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग चकित झाला. मला कशानं चकित व्हायचंय तेच कळेना.

पदवी घेतल्यावर मला एका संस्थेत क्षेत्र सहाय्यकाची नोकरी लागली. ऑफिस मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या दोन शेडच्या मधे. काम होतं आमच्याच खडपावरच्या प्रवाळांची दर महिन्याला पाहणी करायचं. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसली. "नुसता बगायचा? काडायचा काय नाय?" काढायचं काही नाही, नुसतं बघायचं आणि लिहायचं. पाइपची एक मीटरची चौकट, तिच्यात सुतळीनं पाडलेली घरं. ती चौकट खुणेच्या खिळ्यावर ठेवायची, वरून फोटो घ्यायचा, रंगाच्या पट्टीशी प्रवाळाचा रंग जुळवायचा आणि फॉर्म भरायचा: जिवंत, पांढरा पडलेला, मृत. उन्हाळ्यात पाणी तापलं की प्रवाळ पांढरे पडतात. ते मेलेले नसतात, आजारी असतात. पाणी निवलं की कित्येकांचा रंग परत येतो, काहींचा येत नाही. एका दिवसाच्या पाहणीतून त्यातलं काहीच कळत नाही. पांढरा दगड बरा होत चाललाय की जीव सोडतोय, हे मागचा महिना ठाऊक असणाराच सांगू शकतो. म्हणून दर महिन्याला जायचं. मी दोन वर्षं गेले, पावसाळ्याचे महिने आणि शेवटी आईच्या दुखण्यातले तीन महिने सोडले तर एकही खाडा न करता. सगळं ऑफिसच्या कॅमेऱ्यात आणि ऑफिसच्या फॉर्मवर.

तो आमचा प्रकल्प समन्वयक. घाटावरचा. बोलायला गोड. पहिल्या महिन्यात नवे कोरे गमबूट घालून खडपावर आला आणि तिसऱ्याच पावलाला शेवाळावर बसला. कालवं काढणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मला वाटतं, तो त्या बायकांवर डूख धरून राहिला तो तिथपासून. त्यानंतर तो गाडीतूनच पाहणी करायचा. एसी चालू, काच बंद. मी भिजून वर आले की काच चार बोटं खाली व्हायची. "झालं? सगळं ओके ना?" पुढे पुढे तर तो येईनासाच झाला. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच होतं. त्याच्याशी बोलण्यापेक्षा प्रवाळांशी बोलणं सोपं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत आई खडपावर घसरली आणि तिच्या घोट्याचं हाड मोडलं. घरात आम्ही दोघीच. बाबा मी शाळेत असतानाच गेले. आईला उठवायचं-बसवायचं, स्वयंपाक, पाणी, दवाखाना, सगळं मलाच बघायचं होतं. मी रजा मागायला गेले तर तो खुर्चीतून उठून उभा राहिला. "अगं, अर्ज कसला करतेस? आईपेक्षा काही मोठं असतं का?" आणि मग ऑफिसच्या दारात, गाडीच्या बॉनेटवर ठेवून, त्यानं माझ्यापुढे तीन कोरे फॉर्म धरले. "खाली सह्या तेवढ्या करून ठेव. तीन महिने निवांत घरी राहा. पाहणीला मी स्वतः जातो, नोंदी मी भरतो. कागद पूर्ण दिसायला हवेत इतकंच."

मी सह्या केल्या. 'क्षेत्र सहाय्यक, प्रत्यक्ष उपस्थित', त्याच्या पुढे माझी सही, वळणदार. वर "थँक यू, सर" म्हणाले. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं माझ्या. ते थँक यू आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

तीन महिन्यांनी आईचं प्लास्टर निघालं. चालायला लागल्यावर पहिल्याच चांगल्या ओहोटीला ती पातेलं घेऊन निघाली आणि अर्ध्या तासात रिकामं पातेलं घेऊन परत आली. ओट्यावर बसली. हत्यार शेजारी ठेवलं.

"बोर्ड लावलान हाय थितं," ती म्हणाली. "कालवां काडायची नाय म्हणे. बायांनी जिते दगड फोडून मारले, असा लिवलान हाय."

"कुणी लिहिलंय?"

"त्या जेटीच्या पुस्तकात. पंचायतीत ठेवलान हाय. माजा फोटो पण हाय म्हणतात त्यात." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "माजा फोटो कोणी काढलान गो?"

आमच्या खडपाला लागून एक जेटी व्हायची आहे, ही कुणकुण मला होती. तिचा पर्यावरण अहवाल आमच्याच संस्थेकडून घेतलाय हे मात्र मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी तशीच ग्रामपंचायतीत गेले. जनसुनावणीच्या आधी लोकांना वाचायला म्हणून अहवाल तिथल्या टेबलावर ठेवला होता, त्याच्यावर चहाच्या कपाची दोन वर्तुळं उठलेली. उघडला. पाहणीत आढळलेले प्रवाळ 'जवळपास सर्व मृत', म्हणून जेटीनं हानी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कारण: स्थानिक महिलांकडून कालवं काढताना होणारी तोडफोड. आणि त्या वाक्याखाली, पाऊण पान व्यापून, माझी आई.

तो फोटो मीच काढला होता. पहिल्या हिवाळ्यातला, सकाळच्या कोवळ्या उन्हातला. आई खडपाच्या वरच्या अंगाला वाकलेली, साडी खोचलेली, हातात हत्यार. उजेड चांगला होता म्हणून ऑफिसच्या कॅमेऱ्यात एक टिपून ठेवला होता. चेहरा दिसत नव्हता, पण आमच्या गावात माणूस ओळखायला चेहरा लागत नाही. फोटोखाली ओळ होती: 'प्रवाळांचा नाश करताना स्थानिक महिला.' जिथे ती उभी होती तिथून सगळ्यात जवळचा प्रवाळ शंभर पावलं खाली होता. ज्या बाईनं मला पाय बघून टाकायला शिकवलं, तिलाच त्यानं खुनी करून छापलं होतं.

घरी येऊन मी आईला सांगितलं, "फोटो मी काढलेला."

ती हत्यार उचलून आत ठेवायला गेली. बोलल्या त्या बाकीच्या. दुसऱ्या दिवशी नळावर मला ऐकू येईल अशा बेतानं एकजण म्हणाली, "लेकीनं आईशीला विकलीन हो." बोर्ड सगळ्यांसाठीच लागला होता. कालवं सगळ्यांचीच बंद झाली होती, आणि ते लिहिणाऱ्या ऑफिसात गावातलं माणूस मी एकटीच.

मी त्याला विचारलं. सरळ त्याच्या टेबलापुढे उभी राहिले आणि विचारलं, माझ्या आईचा फोटो असा का वापरलात. त्यानं चष्मा काढून पुसला. "अगं, तो प्रातिनिधिक फोटो आहे. आणि तोंड कुठे दिसतंय?" मग हसला. "उलट तुझ्या आईला सांग, अहवालात झळकलीस म्हणावं."

त्या हसण्यानं सगळं ठरलं. तोपर्यंत मला रडू येत होतं, तक्रार करावीशी वाटत होती, नोकरी सोडावीशी वाटत होती. तो हसला आणि ते सगळं एकदम थांबलं. मी "बरं सर" म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. आयुष्यात इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं. ह्याला आता सोडायचा नाही, बस्स.

संध्याकाळी पंचायतीत जाऊन मी अहवाल पुन्हा काढला. या वेळी शेवटून वाचायला घेतला, जिथे बारीक अक्षरातली परिशिष्टं असतात आणि कुणी फिरकत नाही. तिथे माझे तीन फॉर्म होते. वरचं सगळं त्याच्या हस्ताक्षरात, खाली माझी सही. सहीवर थांबले नाही, नजर वर नेली. तारीख. वेळ. पाण्याची पातळी.

पहिली पाहणी: अमावास्या. वेळ: सकाळी अकरा ते दुपारी एक. पाण्याची पातळी: ओहोटी, घोट्यापर्यंत. दुसरी पाहणी: पौर्णिमा. अकरा ते एक. घोट्यापर्यंत. तिसरी पुन्हा अमावास्या. पुन्हा अकरा ते एक.

मी पंचायतीच्या त्या खोलीत एकटीच मोठ्यानं हसले. शिपाई डोकावून गेला.

आमच्याकडे समुद्रावर जाणारं कुणीही, शाळेत गेलेलं असो नसो, एक हिशेब तोंडी करतं. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. एकादशीला अकराची पाऊणपट, सव्वाआठ. पुनव-अवसेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. म्हणजे पुनव-अवसेला दुपारच्या सुमाराला समुद्र तुडुंब. मोठी ओहोटी त्याच दिवशी असते हे खरं, पण उजाडताना आणि पुन्हा संध्याकाळी. दोन वर्षं मी साडेपाच-सहाला त्या पाण्यात उतरत होते. अवसेला दुपारी बारा वाजता आमच्या खालच्या डबक्यांवर दोन पुरुष पाणी असतं. त्यानं ऐकलं होतं इतकंच की पुनव-अवसेला ओहोटी मोठी. तारखा त्यानं बरोबर घातल्या. वेळ मात्र ऑफिसची घातली, चहा झाल्यावरची आणि जेवणाआधीची.

आणि असं नाही की त्याला कळलंच नसतं. भरती-ओहोटीचं कोष्टक त्याच्या टेबलाच्या काचेखाली होतं. त्यानं खाली बघण्याचीही तसदी घेतली नाही. हे वाचणार कोण? आम्हीच. आणि आम्हाला काय कळतंय! तो खोटं बोलला याचा राग होताच, पण खोटं बोलतानासुद्धा त्याला आमच्यासाठी कष्ट घ्यावेसे वाटले नाहीत, याचा मला जास्त राग आला.

सुनावणीला पाच आठवडे होते. ते पाच आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. रोज "गुड मॉर्निंग, सर". त्याच्या सादरीकरणाची चित्रं मीच लावून दिली. त्याची शुद्धलेखनाची एक चूकसुद्धा दुरुस्त केली. परिशिष्टाला हात लावला नाही. तो म्हणाला, "बघ, राग गेला ना?" मी म्हटलं, "हो सर, कशाला धरायचा राग?" आणि जेवणाच्या डब्यातली आईनं केलेली आमसुलाची चटणी त्याला वाढली. त्यानं दोनदा मागून घेतली.

आईला मी काही सांगितलं नाही. फक्त सुनावणीला ये म्हटलं, आणि कालवांच्या सगळ्या बायांना घेऊन ये.

"कशाला? बोलणी खायला?"

"हसायला," मी म्हटलं.

सुनावणी गावातल्या शाळेच्या मोठ्या वर्गात झाली. अध्यक्ष म्हणून एक अधिकारी मॅडम होत्या, शांत, लिहून घेणाऱ्या. एका बाजूला जेटीवाले, मधे तो, इस्त्रीच्या शर्टात. समोर गाव. बाया मागच्या बाकांवर, आई त्यांच्यातच. त्यानं सादरीकरण केलं. 'दुर्दैवानं' हा शब्द त्यानं पुष्कळदा वापरला. दुर्दैवानं प्रवाळ मृत आहेत. दुर्दैवानं स्थानिक महिलांमधे जागरूकता नाही. आईचा फोटो भिंतीवर दारापेक्षा मोठा दिसला. बाया खाली बघायला लागल्या. आई बघत राहिली.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी उठले. त्याला वाटलं मी काहीतरी मदत करायला उठलेय. त्यानं मान डोलावलीसुद्धा.

"सर," मी म्हटलं, "गावातल्या लोकांना पाहणी कशी झाली ते नीट कळलेलं नाही. परिशिष्टातला पहिला फॉर्म जरा मोठ्यानं वाचाल का? तारीख, तिथी, वेळ."

त्यानं पान काढलं. माईकवर, स्वच्छ आवाजात वाचलं. "अमावास्या. वेळ, सकाळी अकरा ते दुपारी एक."

मागच्या बाकावरून एक हुंकार आला. मग एक खोकला, हसू दाबल्याचा.

"पाणी कुठवर होतं, सर?"

"ओहोटी होती. घोट्यापर्यंत."

मग ते फुटलं. आधी बाया हसल्या, पदरात तोंड घालून, मग पदर सोडून. मग पुरुष. एक म्हातारे खलाशी काठी टेकत उठले. "अवसेला बाराला? साहेबांनू, तुमचा घोटा खय असता? माज्या तर डोक्यावरसून होडी जाते त्या टायमाला." पुन्हा हशा. तो हसण्याचं कारण शोधत सगळ्यांकडे बघत होता, शर्टावर काही सांडलंय का तेसुद्धा त्यानं पाहिलं. मला तो क्षण पुरवून पुरवून जगायचा होता. मी म्हटलं, "दुसरा फॉर्मही वाचा ना, सर." आणि तो मूर्खासारखा वाचायला लागला! "पौर्णिमा. अकरा ते..." आणि तिथे थांबला. तेव्हा त्याला कळलं. माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. खडपावर तीन पावलांत बसला होता तेव्हा बायांना हसू दाबावं लागलं होतं, आज ते दाबायची गरज नव्हती. आई हसत होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

इथे ही आठवण संपली असती तर मी ती कितीतरी वेळा सांगितली असती.

मॅडमनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. "म्हणजे ही पाहणी झालीच नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

"झालीच नाही," मी म्हटलं.

तोवर तो सावरला होता. पाणी प्यायला. मग माझ्याकडे न बघता, त्याच गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, वेळ लिहिण्यात चूक झाली असू शकते. पण फॉर्मवर 'प्रत्यक्ष उपस्थित' म्हणून कुणाची सही आहे, तेही वाचावं. तिन्ही फॉर्मवर."

मॅडमनी कागद हातात घेतला. चष्मा वर केला, कागद बघितला, मला बघितलं. "ही तुमची सही?"

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पाच आठवडे मी ती सही नजरेआड केली होती. मी त्याला पकडायला निघाले होते आणि मला वाटलं होतं, एकदा तो उताणा पडला की माझ्याकडे कोण बघणार! नाकारता आलं असतं का? त्यानं खोटी सही मारली म्हणता आलं असतं. दोन क्षण तो विचार मी केला. पण सही माझी नाही म्हटलं तर तपास, तज्ज्ञ, महिने, आणि तोवर तो 'वेळेची चूक' दुरुस्त करून सुटला असता. सही माझी आणि तरीही मी तिथे नव्हते, एवढं म्हटलं की तो संपला. मी मागे बाकांकडे पाहिलं नाही.

"सही माझी आहे. कोऱ्या कागदावर केलेली. मी तिथे नव्हते. हेही नव्हते. तिन्ही वेळा कुणीच नव्हतं. तसं लिहून घ्या."

मॅडमनी लिहून घेतलं, शब्दाला शब्द. वर्गात कुणी हसलं नाही.

तो गेला. संस्थेनं त्याला काढलं, आणि अर्थात मलाही. आता तो कुठेतरी आतल्या जिल्ह्यात तलावांच्या पाहण्या करतो असं ऐकते. तिथे भरती-ओहोटी नसते, सुखात असेल. त्याला काढल्याचं मला बरं वाटायला हवं होतं, पण कमीच झालं असं वाटतं. सुनावणीचं चित्रण गावातल्या एकानं मोबाइलवर केलं होतं. तो थांबतो तिथपर्यंतचं मी पुष्कळदा बघितलंय. पुढचं बघत नाही.

अहवाल रद्द झाला. जेटी रद्द झाली नाही, पुढे ढकलली गेली: नव्यानं पाहणी करा, मग ठरवू. बोर्ड तसाच राहिला, कारण तो काढायचा आदेश कुणी काढला नाही. आई जाता-येता त्याच्यावर ओलं फडकं वाळत टाकते.

आणि एक पत्र आलं, त्याची प्रत मलाही आली. संबंधित सहाय्यकानं स्वतःच्या कबुलीनुसार खोट्या नोंदींवर सह्या केल्या असल्यानं, तिच्या सहीच्या यापूर्वीच्याही कोणत्याही नोंदी ग्राह्य धरू नयेत. मी ते तीनदा वाचलं. यापूर्वीच्याही. माझी दोन वर्षं. थंडीत कुडकुडत काढलेला प्रत्येक फोटो, वैशाखात पांढरे पडलेले आणि दिवाळीपर्यंत रंग परत आलेले ते दगड, त्यातला प्रत्येक जिता होता हे सांगणारा तो एकच पुरावा होता. त्याच्याविरुद्ध मी तीन कागद खोटे ठरवले आणि त्यांच्यासोबत माझे सगळे खरे कागद गेले. मी त्या कार्यालयात जाऊन बसले, बोलले, भांडले. "तुम्हीच लिहून दिलंयत ना?" एवढंच उत्तर मिळालं.

नवी पाहणी यंदाच्या मे महिन्यात झाली. बाहेरून आलेली तरुण मुलगी, कामाला चोख, कोष्टक बघून बरोबर सहाला हजर. पाहणीच्या वेळी मला खडपावर जायला मनाई होती, म्हणून ती वाट दाखवायला आईला घेऊन गेली. मी वर करवंदीच्या जाळीपाशी उभी होते. पाणी फार तापलं होतं यंदा. वरूनसुद्धा दिसत होतं, खालची डबकी पांढरीफटक पडली होती. आई एकेका दगडापाशी थांबत होती, हात लांब करून दाखवत होती, काहीतरी सांगत होती. ती मुलगी वाकत होती, फोटो घेत होती, लिहीत होती.

पाणी चढायला लागलं तशा दोघी वर आल्या. मुलगी भली होती. तिनं फॉर्म माझ्यासमोर गाडीच्या बॉनेटवर ठेवून तपासला, मला दिसेल असा, मुद्दामच असेल. मग ती चौकट गाडीत ठेवायला गेली.

आईनं फॉर्मवर बोट ठेवलं. "मी तिला सांगितलाय, गेल्या वर्साला ह्ये सगळे बरे झाले व्हते, ह्येबी व्हतील, मारू नका. तिनी म्हटलान, कागद पायजे. ह्या घरात काय लिवलान हाय?"

त्या रकान्याचं नाव होतं 'पूर्वीची नोंद'. मी वाचून दाखवलं. "उपलब्ध नाही."

आईनं फॉर्मवरचं बोट उचललं. पायाला वाळू लागली होती, ती तिनं झटकली नाही.

"म्हंजे तू दोन वर्सां थितं गेलीच नव्हतीस."

"हो," मी म्हटलं. "तसंच लिहिलंय."